चार इंचांची खिडकी

सोमवार, ४ मार्च

आज कामाला लागलो. अडुसष्टाव्या वर्षी मला कुणी नवीन माणूस म्हणेल असं वाटलं नव्हतं, पण मालकीणबाईंनी गिऱ्हाइकाला अगदी तसंच सांगितलं, की हे आमचे नवीन माणूस. मी मान खाली घालून हसलो. बरं वाटलं.

दुकान फ्रेम करायचं. पुढे काउंटर, भिंतीवर चौकटींचे नुसते कोपरे टांगलेले, सोनेरी, काळे, सागाच्या रंगाचे. मागच्या खोलीत लांब टेबल, काच कापायची जागा, पुठ्ठ्यांचे खण आणि एक मोठी खिडकी, तिच्यातून दिवसभर सारखा उजेड येतो. मी चाळीस वर्षं यंत्रं पाठवायची लाकडी खोकी ठोकली. लाकूड, खिळा, गुण्या हे सगळं हाताला माहीत आहे. शाळा सातवीपर्यंतच, पण इंच आणि सूत मला कुणी शिकवायला नको. इंचाचे आठ सूत, आणि एक सूत चुकलं की सगळं खोकं डुलतं.

ही वही लेकीने दिली. ती आठ महिन्यांपासून म्हणतेय, की आई गेल्यापासून तुमच्या डोक्यात जे दळण चालू आहे ते कुठेतरी उतरवा. आणलं मला इकडे, तिच्या घरी, आणि कामही तिनेच शोधलं. जावई म्हणाले, वही दोनशे पानीच आहे, बाबांना आठवडाभर पुरेल. विनोदी आहेत.

गॅस बंद केला होता ना सकाळी? लेक घरी आहे, तिला वास आला असता.

गुरुवार, ७ मार्च

काम वाटतं तितकं सोपं नाही. काच फडक्याने पुसायची नाही, जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, नाहीतर धागा राहतो. आज मी एक फ्रेम मागून पिना मारून, कागद चिकटवून बंद केली, उलटी केली तर काचेच्या आत एक केस. माझाच, पांढरा. सगळं पुन्हा उघडलं. मालकीणबाई म्हणाल्या, काका, डोक्यावर जे चार उरलेत ते तरी सांभाळा.

काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड पुठ्ठा बसतो, त्याला माउंट म्हणतात. त्यात खिडकी कापलेली असते, खिडकीतून चित्र दिसतं. खिडकी चित्रापेक्षा चारी बाजूंनी दोन सूत लहान हवी, म्हणजे चित्राची कड झाकली जाते आणि ते मधून निसटत नाही. कापताना पातं तिरकं धरायचं, म्हणजे खिडकीला आतून पांढरी उतरती कड दिसते. प्रत्येक माउंटला नवं पातं. एका दमात ओढायचं. कोपऱ्याशी केसभर जास्त ओढलं की चीर दिसते, ती कायमची.

एक गोष्ट मला पटत नाही. चित्र माउंटला चिकटवायचं नाही म्हणतात. फक्त वरच्या बाजूला कागदाच्या दोन बारीक पट्ट्या लावून टांगायचं. कागद दमट हवेत फुगतो, त्याला हलायला जागा हवी. मी म्हटलं, दोन पट्ट्यांवर काय राहणार, पडेल की. त्या म्हणाल्या, हे खोकं नाही काका, आणि आपल्याला यातून पंप पाठवायचा नाही.

शनिवार, ९ मार्च

आमचा तिघांचा एकच चांगला फोटो आहे. एका बाकावर बसलो आहोत. डावीकडे लेक, मध्ये हिची आई, उजवीकडे मी. हिच्या आईने माझ्या उजव्या हातावर हात ठेवला आहे. बारा इंच रुंद, दहा उंच. लेकीच्या बैठकीतली भिंत ओकीबोकी आहे, तिथे लावायला फ्रेम करावी असं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न सांगता.

अगदी खालच्या खणात आधीच्या कारागिराने कापून ठेवलेले तीन माउंट सापडले. उत्तम पुठ्ठा, जाड, मऊ, हल्ली मिळत नाही असा. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तो खण रद्दीचा, त्यातलं वापरू नका. पण चांगला पुठ्ठा रद्दीत घालवायला माझा जीव होत नाही. एका माउंटच्या मधोमध उभी लहान खिडकी होती. मागे पेन्सिलीने लिहिलेलं, चार बाय सहा, एक माणूस. ती खिडकी मी चारी बाजूंनी मोठी केली. साडेअकरा रुंद, साडेनऊ उंच. हात चांगला चालला, फक्त खाली डाव्या कोपऱ्यात केसभर जास्त ओढलं गेलं.

पट्ट्यांवर भरवसा नाही. फोटोच्या चारी कडांना दोन सूत पांढरा गोंद लावला आणि माउंटला पक्का चिकटवून टाकला. आता हलायचा नाही.

रविवार, १० मार्च

लेकीला खूप आवडला. उभी राहून बघत राहिली. म्हणाली, आई किती नीट दिसतेय. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. हिची आई गेल्यापासून येतच नाही. आत कापूस भरल्यासारखं आहे. जावयांनी खिळा ठोकला, मी तिरकं आहे म्हणालो, त्यांनी सरळ केला, मी म्हटलं आता दुसरीकडे तिरकं आहे. ते म्हणाले, बाबा, भिंतच पाडू का?

मंगळवार, १२ मार्च

लेकीच्या उजव्या हाताची करंगळी बधिर झाली आहे. तीन दिवस झाले म्हणे, आज सांगितलं. ती परिचारिका आहे, दिवसभर सुया टोचायचं काम. म्हणाली, हात अवघडला असेल. मी विचारलं, छातीत दुखतं का, मान दुखते का, घाम येतो का. ती म्हणाली, बाबा, करंगळी आहे.

माझ्याही डाव्या करंगळीला मुंग्या येतात. माझं वय आहे. तिचं नाही.

गुरुवार, १४ मार्च

भिंतीवरच्या फोटोत काहीतरी कमी वाटत होतं. लेकीचं कोपर दिसत नाही. मी लावला तेव्हा दिसत होतं, फक्त टोक झाकलेलं होतं.

पट्टी घेऊन काचेवरून मोजलं. माउंट डावीकडे फोटोवर चार सूत चढलेलं आहे. मी दोन ठेवले होते. उजवीकडेही चार. वरून आणि खालूनही, पण तिकडे नुसती भिंत आणि बाकाचे पाय आहेत.

माझं मोजताना चुकलं असेल. पण मी मोजताना चुकत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

पाच सूत. खालच्या डाव्या कोपऱ्यातली माझ्या हातची चीर कडेबरोबर आत आली आहे. पुठ्ठ्याला जोड नाही, ठिगळ नाही. जणू मी खिडकी एवढीच कापली होती.

लेकीची तीन बोटं गेली. गेली म्हणजे आहेत, कळत नाहीत. जागेवर आहेत, गरम आहेत. तिने स्वतःला सुई टोचून बघितली, रक्त आलं, कळलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. शीर दबली असेल म्हणाले, गोळ्या दिल्या. तिला वॉर्डातून काढून नोंदणीच्या टेबलावर बसवलं आहे. जेवताना डाव्या हाताने जेवत होती आणि आमच्याकडे बघत नव्हती. अकरा वर्षं ती हे काम करते. म्हणाली, लहान मुलांची शीर माझ्याशिवाय कुणाला सापडत नाही, बाबा.

माझा डावा हात मनगटापर्यंत तसाच. सांगितलं नाही.

शनिवार, १६ मार्च

सात सूत. फ्रेमची तार सैल झाली असं खोटं सांगून ती दुकानात आणली.

मागचा कागद फाडला, पिना काढल्या, काच बाजूला ठेवली. फोटो माउंटला पक्का चिकटलेला. मी चिकटवलेला. दोन पट्ट्यांवर टांगला असता तर आत्ता नुसता उचलून काढला असता. पात्याच्या टोकाने डाव्या बाजूला, लेकीच्या कोपराशी, हळूच उचकटून पाहिलं. कागदाचा पापुद्रा निघाला. नखाएवढा. थांबलो.

संध्याकाळी फ्रेम घेऊन घरी आलो तर लेकीच्या कोपराला पट्टी बांधलेली. दुपारी कातडी निघाली म्हणे, कशाला घासलं तेही कळलं नाही. नखाएवढी. दुखत नाही म्हणाली.

दुखत नाही हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी ओळखतो. मी तसाच बोलतो.

रविवार, १७ मार्च

जावयांना सांगितलं. सगळं, मोजमापांसकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग म्हणाले, बाबा, आठ महिन्यांत तुम्ही एक दिवस तरी धड झोपलात का? लेकीने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. उजवाच हात लावला, सवयीने. मग तिच्या लक्षात आलं की त्या हाताला काही कळणार नाही. हात काढला आणि स्वयंपाकघरात गेली.

एक इंच.

सोमवार, १८ मार्च

आधीच्या कारागिराचा पत्ता मालकीणबाईंकडून घेतला. आधी त्यांनी विचारलं, खालच्या खणातलं वापरलंत? मी चष्मा काढून पुसू लागलो. त्या म्हणाल्या, काका, कान काय फक्त चष्मा अडकवायला आहेत का? पण हसल्या नाहीत.

तो बाजारामागे एका खोलीत राहतो. माझ्याहून लहान असेल. खुर्चीत बसलेला, दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, कुणीतरी ठेवून गेल्यासारखे. बायकोने त्याला बशीतून चहा पाजला. चहा हनुवटीवरून गळ्यावर गेला, वाफाळलेला, त्याने मान हलवली नाही. भिंतीवर त्याचा आणि बायकोच्या वडिलांचा फोटो. खिडकीत फक्त म्हातारा, आणि त्याच्या खांद्याशी याचा अर्धा चेहरा.

त्याने सांगितलं ते लिहितो.

कुणी वारलं आणि त्याचा एकट्याचा फोटो घरात नसला, की लोक लग्नातला, सहलीतला, चारचौघांतला फोटो घेऊन येतात. म्हणतात, आमचा माणूस तेवढा दिसू द्या. फोटो कापायचा नसतो. मग माउंटची खिडकी त्या एका माणसापुरती कापायची, आणि बाजूची जिवंत माणसं पुठ्ठ्याखाली झाकायची. दोन-चार वर्षांनी घरचे फ्रेम बदलतात, जुना माउंट दुकानात राहतो. तो फाडून टाकायचा असतो. एकदा गेलेल्या माणसासाठी कापलेली खिडकी दुसऱ्या फोटोला लावायची नाही. लावली, मोठी केली, तरी ती आपल्या मापाला परत जाते. खाली जो झाकला जाईल तो मरत नाही. त्याला काही कळत नाही, एवढंच.

मी विचारलं, थांबवायचं कसं? तो म्हणाला, थांबत नाही. एका बाजूने कापलीत तर ती बाजू सोडते, आणि तेवढं दुसऱ्या बाजूने घेते. पुठ्ठ्याला त्याचं माप हवं.

मग म्हणाला, त्रास नाही हो. भूक लागत नाही. सासरे गेले तेव्हा सगळे रडत होते, मला त्यातलं काही करावं लागलं नाही.

घरी चालत आलो. दुसऱ्या बाजूला मी बसलो आहे, हे मला रस्त्यातच कळलं होतं.

मंगळवार, १९ मार्च

फ्रेम पुन्हा दुकानात नेली. जेवणाच्या सुट्टीत कापलं.

गोंद फक्त कडेच्या दोन सुतांत आहे. त्याच्या आत जो पुठ्ठा वाढला आहे तो फोटोवर नुसता टेकलेला आहे. त्याच्याखाली पोलादाची पातळ पट्टी सरकवली, म्हणजे पात्याची धार लेकीला लागणार नाही. नवं पातं. डाव्या हातात जोर नाही, म्हणून वरची सरळपट्टी शिकंज्याने टेबलाला आवळली. श्वास रोखला. एका दमात.

इंचभर रुंद पुठ्ठ्याची पट्टी सुटून आली. खाली लेकीचा हात, बोटं, बांगडी, सगळं जसंच्या तसं. मी बराच वेळ बघत होतो. आनंद व्हायला हवा होता. तो होतो आहे असं मी स्वतःला सांगितलं.

बुधवार, २० मार्च

सकाळी लेक ओरडत बाहेर आली. बोटांना मुंग्या येताहेत, टोचतंय, दुखतंय. दुखतंय म्हणून हसत होती. करंगळी तेवढी अजून नाही, ती गोंदाखाली आहे.

उजवीकडे अडीच इंच. माझा डावा हात खांद्यापर्यंत. शर्टात घालताना दुसऱ्या कुणाचा हात घालतो आहे असं वाटतं.

डावीकडे पुन्हा अर्धा सूत आलं होतं. कापलं.

गुरुवार, २१ मार्च

कापलं. आता रोज कापावं लागेल, दाढीसारखं.

लेक पुन्हा वॉर्डात गेली. एका बाळाची शीर पहिल्या झटक्यात सापडली म्हणे. जावई म्हणाले, गोळ्यांचा गुण. मी म्हटलं, हो.

मालकीणबाईंनी माझा हात बघितला. खुर्ची पुढे केली. टोमणा मारला नाही.

उजवीकडे तीन इंच.

शुक्रवार, २२ मार्च

डावा गाल. डावा डोळा उघडा आहे, दिसत नाही. गालावर चापट मारून बघितली, उशीवर मारल्यासारखी.

लेक विचारते काय झालं. मी म्हणालो वय झालं. शब्द नीट निघाले नाहीत. ती माझ्यासमोर बसून रडली. मला वाईट वाटत नाही. तिचं रडणं दिसतं, पलीकडच्या घरात नळ वाहतो आहे तसं. मी तिच्यासाठीच करतो आहे हे मला पाठ आहे, म्हणून करतो.

कापलं.

शनिवार, २३ मार्च

तोंड गेलं. बोलता येत नाही. उजव्या डोळ्याने थोडा उजेड. दवाखान्यात नेतो म्हणतात. मी खाटेची कड धरून ठेवली. फ्रेम आणि हत्यारांचा डबा काल दुकानातून आणले. फ्रेम गादीखाली आहे.

कापलं. अंगठ्याने चाचपून. पोलादी पट्टी खाली होती, बोटाने तपासली. होती. नक्की होती.

रविवार

दिसत नाही. ओळ सरळ येते की नाही, माहीत नाही. सकाळ असावी, भांड्यांचा आवाज आहे.

चाचपून मोजलं. आज पहिल्यांदा कडा सोडून मधली खिडकी मोजली. इतके दिवस मी झाकलेलं मोजत होतो. उघडं किती राहतं ते नाही. उजवी कड माझ्या दंडाशी, डावीकडून साडेआठ इंचांवर.

माप चार आहे. ते चारावर जाणार. मी उजवीकडे संपलो की थांबेल असं धरून चाललो होतो. अजून साडेचार हवेत त्याला. डावीकडे मी येऊ देत नाही. म्हणजे माझ्यावरून, मग हिच्या आईवरून. डावीकडून चार मोजले –

डावीकडून चार इंचांत लेक आहे. एकटी. नीट, पूर्ण, बांगडीसकट.

मी तिला काढलं नाही. तिला खिडकीत बसवलं आहे. एक माणूस, गेलेला –

ती आत गाणं म्हणते आहे. हात बरा आहे म्हणून.

काल जोर लावून कापलं तसं आता उजवीकडे कापलं पाहिजे. शिकंजा आवळायला हात नाही. दिसत नाही. पातं सरकलं तर ते तिच्या –

हाका मारतो आहे. आवाज होत नाही. खाट ठोकली. कुणी आलं नाही.

जावईबापू, हे तुम्हाला. हसू नका. वाचा.

फ्रेम गादीखाली. डावीकडे कापू नका, येऊ द्या त्याला डावीकडून. तिचा हात जाईल. जाऊ दे. कळणार नाही तिला, पण राहील. खिडकी मध्ये आणा, तिच्या आईवर. ती गेलेलीच आहे, तिला काही होत नाही. मध्ये चार इंच. चार इंच इकडून, चार इंच तिकडून, मोजून घ्या, दोनदा मोजा.

उजवीकडे कापा. आजच. फाडू नका, गोंद आहे, ओढलं तर कातडी –

पातं नवीन घ्या, माझ्या डब्यात, डावीकडच्या कप्प्यात. सरळपट्टी टेबलाला आवळा. फोटोच्या वर आणि पुठ्ठ्याच्या खाली पोलादी पट्टी सरकवा, ती आत गेली का ते बोटाने बघा. पातं तिरकं. श्वास रोखून. एका दमात ओढायचं, मध्ये थांबायचं नाही, आणि कोपऱ्याशी आलं की

लेखणी धरली आहे का ते आता कळत नाही, आवाजावरून लिहितो, कागद खरखरतो तोवर – कोपऱ्याशी आलं की जपून, तिथे तिच्या आईचा